नोंदवहीत नाव नव्हतं: बंद पडलेल्या एका तालुका रेडिओचं प्रकरण

पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी २०१० ते २०१६ या काळात सामुदायिक रेडिओ केंद्र चाललं. ते बंद पडल्यावर तीन वर्षांनी आम्ही काही जुन्या मंडळींनी त्याचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा हाताशी जवळपास काहीच उरलं नव्हतं. केंद्र का बंद पडलं हे सांगणं सोपं आहे. रोज सहा तास बोलणाऱ्या केंद्राचा आवाज कुठेच कसा शिल्लक राहिला नाही, हे शोधायला मात्र वेळ लागला, आणि मला तीच बाजू जास्त महत्त्वाची वाटते. गावाचं, संस्थेचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. मी पहिल्या दिवसापासून तिथे कार्यक्रमांचं काम पाहत होते, म्हणून हे लेखन तटस्थ माणसाचं आहे असं समजू नये.

पार्श्वभूमी

फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं म्हटलं. तरी सामान्य माणसाच्या हाती माइक यायला बरीच वर्षं गेली. २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना आणि नोव्हेंबर २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांना छोटं केंद्र चालवायची मुभा मिळाली. २००८ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या माचनूरला दलित शेतकरी बायकांचा 'संगम रेडिओ' सुरू झाला. आपल्याकडे म्हसवडला 'माणदेशी तरंग' सुरू झालं. ते पाहून आमच्या संस्थेनेही अर्ज केला. मंत्रालयांच्या ना-हरकती, २५ हजारांची बँक हमी आणि वायरलेस परवाना या सगळ्यातून पार पडून २०१० च्या गुढीपाडव्याला पहिलं प्रसारण झालं.

जागा म्हणजे संस्थेची जुनी धान्याची खोली. आवाज घुमू नये म्हणून बचतगटातल्या बायकांनी घरच्या गोधड्या आणून भिंतींवर ठोकल्या. बाहेर मनोरा उभा राहिला. नियमाने त्याची उंची ३० मीटरच्या आतच ठेवावी लागते आणि प्रक्षेपणाची परिणामी शक्ती, म्हणजे अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणारी ताकद, १०० वॉटपर्यंतच असते. एवढ्यावर आवाज दहा-बारा किलोमीटर जातो, पण समोर मोकळं रान असलं तर. एफएमच्या लहरी सरळ जातात, डोंगर ओलांडत नाहीत. त्यामुळे बारा किलोमीटरवरच्या माळावरचं गाव आम्हाला ऐकायचं आणि डोंगराच्या पाठीमागचं, निम्म्या अंतरावरचं गाव ऐकू शकायचं नाही. तिथली माणसं बाजाराच्या दिवशी गावात आली की शिंप्याच्या दुकानापुढे उभी राहून ऐकायची.

सकाळी तीन तास, संध्याकाळी तीन तास. सकाळी ओव्या, बाजारभाव, टँकर कुठल्या वाडीला किती वाजता येणार ते. संध्याकाळी बराच भाग सकाळचाच पुन्हा. २०१३ च्या दुष्काळात चारा छावण्या लागल्या तेव्हा केंद्रातली दोन तरुण मुलं रात्री रेकॉर्डर घेऊन छावणीत मुक्कामाला गेली. महिनोन्महिने जनावरांजवळ झोपणारी म्हातारी माणसं रात्री नऊनंतर बोलायला लागायची. कुणी बहात्तरच्या दुष्काळातल्या खडी फोडण्याबद्दल सांगायचं, कुणी उसाचं वाढं खाऊन खाऊन गाईचं तोंड कसं सोलतं ते. माझ्या मते त्या छावणीच्या रात्री हे आमच्या केंद्राचं सगळ्यात मोलाचं काम होतं. त्यातली एकही आज उपलब्ध नाही.

अडचण कशी तयार झाली

सामुदायिक रेडिओच्या सरकारी धोरणात एक अट होती: प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवायचा. तक्रार आली तर तपासता यावी, एवढाच तिचा हेतू. आम्ही ती उलटी वाचली. तीन महिने जपायचं म्हणजे तीन महिन्यांनी पुसायचं.

यामागे कुणाचा दुष्टावा नव्हता, डिस्कची अडचण होती. आमच्या संगणकात ५०० जीबीची एकच डिस्क होती आणि प्रसारण आपोआप वेव्ह स्वरूपात, म्हणजे आवाज न दाबता, साठवलं जायचं. त्यात मिनिटाला साधारण १० एमबी लागतात. सहा तासांचे झाले ३.६ जीबी. या हिशोबाने डिस्क साडेचार महिन्यांत भरते. म्हणून महिन्याच्या पहिल्या सोमवारी जुनं पुसायचं असा शिरस्ता पडला. तेच ध्वनिमुद्रण नेहमीच्या एमपी-थ्रीमध्ये बदलून ठेवलं असतं तर मिनिटाला १ एमबीच्या आतच लागला असता आणि तीच डिस्क पावणेचार-चार वर्षं पुरली असती. संध्याकाळचा पुनःप्रसारणाचा भाग वगळला असता तर त्याहून कितीतरी जास्त. हा हिशोब पाटीवर मांडायला पाच मिनिटं लागतात. सहा वर्षांत तो कुणी मांडला नाही, मीसुद्धा नाही.

२०१२ मध्ये एक संधी आली होती. केंद्राने दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्यायचं ठरवलं होतं आणि तसा विषय बैठकीच्या पत्रिकेवरही होता. त्याच सुमारास देशभरच्या सामुदायिक केंद्रांचं वार्षिक स्पेक्ट्रम शुल्क, म्हणजे लहरी वापरण्याचं सरकारी शुल्क, १९,७०० रुपयांवरून ९१,००० वर गेल्याची बातमी आली. आमच्यासारख्या केंद्राला हा धक्का मोठा होता. जाहिरातीला तासाला पाचच मिनिटांची मुभा, खासगी प्रायोजित कार्यक्रम चालत नाहीत, आणि तालुक्याच्या गावात जाहिरात देणार कोण, तर बी-बियाण्यांचं दुकान, भांड्यांचं दुकान, एखादं मंगल कार्यालय. बैठकीत सगळा खर्च थांबला. इतिवृत्तात ओळ आहे: "हार्ड डिस्क खरेदी, पुढील सभेत विचार करावा." देशभरातून विरोध झाला आणि ती शुल्कवाढ मागे घेतली गेली. पुढच्या सभेत आणि त्यानंतरच्या कुठल्याही सभेत हार्ड डिस्कचा विषय पुन्हा आला नाही. सगळी इतिवृत्तं मी ओळीनं वाचली आहेत. न पटणारा निर्णय तिथे कुठेच सापडत नाही. पुढे ढकललेला एक विषय मात्र सापडतो.

वीज पडली तो दिवस

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं. आमच्याकडेही प्यायला टँकरचंच पाणी होतं. मनोऱ्याच्या पायथ्याशी अर्थिंगचा खड्डा होता, त्यात कोळसा आणि मीठ भरलेलं. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावं लागतं. माती कोरडी पडली की वीज जमिनीत शिरायला वाट मिळत नाही. आमचे तंत्रज्ञ दर वर्षी फाल्गुनापासून दर आठवड्याला दोन घागरी ओतायचे. त्या वर्षी त्यांनी ओतल्या नाहीत. समोर रांगेत बायका हंडे घेऊन उभ्या असताना मातीत पाणी ओतायला हात होत नाही, असं त्यांनी नंतर मला सांगितलं. मी त्यांना दोष देऊ शकत नाही, तेव्हाही दिला नाही.

मे महिन्यात वळवाच्या पहिल्याच पावसात मनोऱ्यावर वीज पडली. मनोऱ्यावरच्या अरेस्टरने, म्हणजे वीज झेलून जमिनीकडे नेणाऱ्या दांड्याने, ती घेतली, पण खाली जमीन सुकी. अँटेनाच्या केबलमधून दाब आत आला आणि ट्रान्समीटरचा शक्ती वाढवणारा भाग जळाला. मिक्सर गेला, संगणकाचा वीजपुरवठा गेला. डिस्क वाचली. त्या दिवशी आम्ही सगळे ट्रान्समीटरभोवती उभे होतो. डिस्क वाचली आहे आणि तिच्यात तीन-साडेतीन महिन्यांचं प्रसारण आहे, याकडे कुणाचंही लक्ष गेलं नाही.

समोर असलेले पर्याय

जूनमध्ये बैठक झाली तेव्हा चार वाटा होत्या.

पहिली, दुरुस्ती. ट्रान्समीटर कंपनीकडे पाठवायचा, नवा भाग बसवून आणायचा, अर्थिंग नव्याने करायचं. संस्थेच्या खात्यात तेवढे पैसे नव्हते, विमाही नव्हता. लोकवर्गणीचं नाव निघालं. दुष्काळात वर्गणी मागायची नाही, असं ज्येष्ठ विश्वस्तांनी सांगितलं आणि ते बरोबरच होतं.

दुसरी, जवळच्या महाविद्यालयाकडे केंद्र सोपवणं. महाविद्यालय तयार होतं. पण परवानगी एका संस्थेकडून दुसरीकडे हस्तांतरित करता येत नाही. त्यांना नवा अर्ज करावा लागला असता, म्हणजे पुन्हा सगळ्या ना-हरकती.

तिसरी, फोनवरून चालवणं. रोज अर्ध्या तासाचं ध्वनिमुद्रण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं. तरुण निवेदकांचा याला जोर होता. अडचण अशी की आमच्या श्रोत्यांतल्या बहुतेक बायकांच्या हाती बटणांचा साधा फोन होता. त्यात रेडिओ लागायचा, व्हॉट्सअ‍ॅप नाही.

चौथी, मदतीसाठी पत्रं पाठवायची आणि वाट पाहायची.

चौथी वाट धरली गेली. तिसरी सोबत थोडी चालली आणि दिवाळीपर्यंत विरली. या निर्णयात एक गोष्ट कुणी मोजलीच नाही. धोरणानुसार केंद्र तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ बंद राहिलं तर परवानगी रद्द होऊ शकते. मेच्या मध्यापासून तीन महिने म्हणजे ऑगस्टचा मध्य. वाट पाहायला मुदत होती, आणि ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर कुणी लिहिली नव्हती. पत्रांना उत्तरं आली तेव्हा सप्टेंबर उजाडला होता. पुढे संस्थेने स्वतःहून परवानगी परत केली. मनोरा उतरवून भंगारात दिला. संगणक शिवणवर्गाच्या हिशोबासाठी गेला आणि देताना डिस्क फॉरमॅट केली गेली. त्या दिवशी मी गावात होते. कुणी मला विचारलं नाही, आणि मीही जाऊन विचारलं नाही.

काय केलं

२०१९ मध्ये ती खोली संगणकवर्गासाठी रिकामी करायची ठरली, तेव्हा दोन जुने निवेदक, ते तंत्रज्ञ आणि मी असे चौघे जमलो. खोलीत सापडलं ते एवढं: प्रसारणाच्या अकरा नोंदवह्या, इतिवृत्तं, श्रोत्यांची पोस्टकार्डं आणि भिंतीवर दोन गोधड्या.

नोंदवह्यांवर आमची मोठी आशा होती. तक्ता असा: दिनांक, वेळ, कार्यक्रम, कालावधी, निवेदक, शेरा. पान उघडलं की दिसायचं, "सकाळी ६.४०, ओव्या (महिला), ७ मि." पुढे निवेदकाचं नाव. गाणारीचं नाव कुठेच नाही, तिचं गावही नाही. सहा वर्षांत शेकडो बायका त्या खोलीत येऊन गायल्या आणि आमच्या कागदावर त्या सगळ्या मिळून "महिला" एवढ्याच. तो तक्ता मी आखला होता. हेमा राईरकर आणि गी पोतवाँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यात गाणारीचं नाव आणि गाव जपलेलं आहे. हे काम पुण्यातून, आमच्या डोळ्यांसमोर चाललेलं होतं. एक रकाना जास्त आखायला कुठलाही खर्च नव्हता.

मग आवाज शोधायला श्रोत्यांकडे गेलो. त्या काळच्या साध्या फोनमध्ये रेडिओ थेट मुद्रित करायची सोय असायची. शिंपीकाकांनी दोन मेमरी कार्डं काढून दिली, सुयांच्या डबीत ठेवलेली. आवडलेलं काही लागलं की ते बटण दाबायचे. हेडफोनची वायर हीच अँटेना, म्हणून ते मशीनवरून उठले की मुद्रणात खरखर येते आणि परत बसले की आवाज स्वच्छ होतो. आणखी एका दूधवाल्याकडे पेनड्राइव्ह निघाला. एकूण किती तास जमले ते मोजायला दोन हातांची बोटं पुरतात.

फोनमधलं घड्याळ चुकलेलं, त्यामुळे फायलींवरच्या तारखा निरुपयोगी होत्या. तारीख आतल्या बोलण्यावरूनच लावायची होती. उदाहरणार्थ, एका मुद्रणात निवेदिका म्हणते, "आज शुक्रवार, नागपंचमीचा सण." केंद्र चालू असताना सहा नागपंचम्या आल्या, त्यांतली शुक्रवारची एकच, १ ऑगस्ट २०१४. नोंदवहीत त्या दिवशी "फेराची गाणी, १२ मि." अशी ओळ मिळाली. कागद आणि आवाज पहिल्यांदा जुळला तेव्हा आम्ही चौघेही काही वेळ बोललो नाही. टँकरच्या घोषणा, एकादशी, बाजाराचा वार यांवरून आणखी बरीच मुद्रणं अशी जागेवर बसली.

गाणाऱ्या कोण, हे मात्र गावोगाव जाऊनच कळलं. फोनला छोटा स्पीकर जोडून देवळाच्या ओट्यावर बसायचं आणि वाजवायचं. एका वाडीत एक म्हातारी दुसऱ्याच कडव्याला म्हणाली, "व्हय की, ही आमची धाकली जाऊ. सर्दी झाल्यागत आवाज निघायचा तिचा." धाकटी जाऊ आदल्या वर्षी वारली होती. तिच्या मुलाने मुद्रण फोनवर घेतलं आणि पुन्हा लावलं नाही, खिशात ठेवलं. आम्ही त्याला काही विचारलं नाही.

कठीण निर्णय

मुद्रणं इंटरनेटवर टाकायची का, यावर आमच्यात मतभेद झाले. तरुण निवेदकाचं म्हणणं, टाकली नाहीत तर पुन्हा हरवतील. त्याचं म्हणणं वजनदार होतं. पण एका मुद्रणात एक बाई नवऱ्याच्या कर्जाबद्दल आणि दारूबद्दल बोलते. ती बोलली तेव्हा तिला माहीत होतं की हे दहा-बारा किलोमीटरात ऐकू जाईल, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी, आणि मग विरून जाईल. तिची संमती तेवढ्याला होती. आज तिच्या सुनेच्या फोनवर, पुण्याच्या जावयाच्या फोनवर ते कायमचं राहावं याला तिने होकार दिलेला नाही. आम्ही तिच्याकडे गेलो. तिने "नको" म्हटलं, चहा दिला आणि विषय बदलला. ते मुद्रण कुठेही दिलं नाही.

शेवटी असं ठरलं: इंटरनेटवर काहीच नाही. एक संच तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात, तिथेच बसून ऐकण्यासाठी. एक संच तंत्रज्ञांकडे. आणि ज्या घरातला आवाज आहे त्या घराला त्यांचं मुद्रण. माझं मत तेव्हा याच बाजूनं होतं. आजही आहे, पण पूर्वीइतकी खात्री नाही. वाचनालयात येऊन ऐकणारे फार नाहीत, आणि डोंगरामागच्या गावातले तर नाहीतच.

वेगळं काय करता आलं असतं

केंद्र वाचवता आलं असतं का, यावर मी फार जोर देणार नाही. २०२४ च्या सुधारित धोरणात जाहिरातीची वेळ ताशी १२ मिनिटांपर्यंत आणि परवानगीची मुदत दहा वर्षं झाली आहे. असं तेव्हा असतं तर श्वास घ्यायला जागा मिळाली असती. दुष्काळ मात्र तोच असता. तरी वीज पडल्याच्या आठवड्यातच "तीन महिन्यांत काय?" हा प्रश्न मांडायला हवा होता. ऑगस्टची मुदत डोळ्यांसमोर असती तर महाविद्यालयाने जूनमध्येच नवा अर्ज करून ठेवला असता. ते अशक्य नव्हतं. दुरुस्तीसाठी वर्षाला थोडी रक्कम बाजूला ठेवणं आणि यंत्रांचा विमा उतरवणं हेही पहिल्या वर्षापासून करता आलं असतं.

आवाज जपणं मात्र पूर्ण आमच्या हातात होतं, तिथे परवान्याची किंवा पैशाची सबब चालत नाही. नोंदवहीत नाव आणि गाव असे दोन रकाने. महिन्याच्या ज्या सोमवारी पुसायचं, त्याच सोमवारी आधी एमपी-थ्री करून ठेवायचं. माइकसमोर बसण्याआधी एक प्रश्न: हे पुढे कुणी ऐकलं तर चालेल का? उत्तर नोंदवहीत लिहायचं. आणि केंद्र बंद करताना मनोरा, ट्रान्समीटर, टेबलं यांची यादी होते, तशी ध्वनिमुद्रणांची यादी करून कुणाच्या तरी सहीनं ताब्यात द्यायची. अलीकडे दुसऱ्या तालुक्यातलं एक चालू केंद्र पाहायला गेले होते. तिथल्या मुलीने नोंदवही दाखवली, तेव्हा मी आधी रकाने वाचले. गाणाऱ्याच्या नावाचा रकाना होता. तिच्याकडे दुसरी डिस्क आहे का, तेही विचारलं. तिने कपाट उघडून दाखवली.

निष्पत्ती

आज वाचनालयात ऐकण्याजोग्या मुद्रणांतल्या बहुतेक आवाजांना नाव मिळालं आहे. छावणीच्या रात्रींपैकी काही मिळालं नाही. त्या मुलांनी आठवून लिहिलेल्या सोळा पानांची वही तेवढी संचासोबत ठेवली आहे. नागपंचमीच्या मुद्रणात चार बायका आहेत, तिघींची नावं लागली. चौथी फक्त पालुपदात येते, इतरांपेक्षा वरच्या पट्टीत. एका वाडीने ती आपल्या पाटलाची लेक म्हणून सांगितली, दुसऱ्या वाडीने आपल्या कुंभारणीचं नाव घेतलं. दोघीही आता हयात नाहीत. यादीत दोन्ही नावं लिहिली आहेत, कुणी कुठल्या गावी सांगितलं त्या नोंदीसह.